पायाळू पोरीची लाथ

उंदराला शेपटी लावायला मी पुढे वाकलो आणि तसाच राहिलो. वर येता येईना, खाली बसता येईना. कमरेतून जी कळ निघाली ती मांडीतून पोटरीत आणि पोटरीतून थेट अंगठ्यात. शेपटी हातातच.

मी मूर्तिकार. लाटंबार्स्यात आमची चित्रशाळा आहे. चित्रशाळा म्हणजे गणपती करायची जागा, दुसरं काही शिकवत नाहीत तिथं. चवथ जवळ आली की घरोघरचे लोक आपापला पाट आणून देतात. त्या पाटावर मी त्या घरचा गणपती करतो. चिकण मातीचा, हातानं. चौथीत शाळा सोडली तेव्हापासून हेच काम. आमच्यासारखे डोळे या तालुक्यात कोणाला काढता येत नाहीत. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मीही म्हणतो.

त्या दिवशी चित्रशाळेत सगळे गणपती अर्धे होते. कोणाला हात नाहीत, कोणाला सोंड नाही, रंग तर कोणालाच नाही. आणि चवथ तोंडावर.

बायको म्हणाली, "डॉक्टराक बोलवूया."

"डॉक्टर कित्याक? उसण भरली हा. वैदेहीक बोलव."

उसण म्हणजे कमरेत भरणारी चमक. ती पायाळू माणसाच्या लाथेनं जाते असं आमच्याकडे मानतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. शेजारची वैदेही तशी. लहान होती तेव्हा अख्खा वाडा तिला उचलून न्यायचा, कमरेला लाथ लावून घ्यायचा आणि खाज्याचा तुकडा हातावर ठेवायचा. पुढे ती शिकली आणि डिचोलीत फिजिओथेरपिस्ट झाली. म्हणजे कापाकापी न करता, व्यायाम करवून दुखणं घालवणारी. मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

ती संध्याकाळी आली. मी आडवाच होतो.

"बाये, माका तुझा शिक्षण नको. माका तुझो पाय होयो. मार लाथ."

"आबानू, लाथ मारूचा मी कधीच सोडलंय. रोज सुर्ल्याच्या खाणीवरचे टिपर-ट्रकवाले कंबर धरून येतत माझ्याकडे. त्यांका मी लाथ मारतंय काय?"

तिनं माझा पाय सरळ वर उचलला. मी बोंबललो. मग धरून उभं केलं आणि टाचांवर चालवलं. मग विचारलं, लघवी नीट होते का, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं का. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? ती म्हणाली, तसं असलं किंवा पाय लुळा पडत चालला तर व्यायाम नाही, ताबडतोब हॉस्पिटल. तसं काही नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी तिनं मला तिच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरानं तपासलं, फोटो काढला, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "स्लिप डिस्क. ऑपरेशन आता नको. हिचं ऐका."

म्हणजे काय ते मला समजेना. तेव्हा वैदेही चित्रशाळेत येऊन बसली. दोन पाट घेतले. मध्ये माझ्याच मातीचा ओला गोळा ठेवला आणि मागच्या कडेला एक सुतळी टाकली.

"हे पाट म्हणजे तुमच्या पाठीचे मणी. मधी ही गादी. आता तुम्ही वाकतात ते बघा."

तिनं पाट पुढून दाबले. माती मागून बाहेर आली आणि सुतळीला चिकटली.

"ही सुतळी म्हणजे नस. दाबता हंय, बोंबलता पोटरी. गादी सरकली म्हणतत, पण ती जाग्यावरून जाणा नाय. आतलो गर भायर येता."

"आणि तो परत आत कसो घालतलंस?"

"घालूचो लागणा नाय. पुढून दाबूचा थांबवला की भायर इलेलो गर बऱ्याच जणांचो हळूहळू आटता."

हे मला पटलं. पाटाबाहेर आलेली माती सुकली की आकसते, हे मला कोणी शिकवायला नको. पण पटलं असं लगेच सांगायची आमची पद्धत नाही.

"बरा. व्यायाम करतंय. पण लाथ?"

ती हसली. "चवथीच्या दिसा मारतंय. तोपर्यंत मी सांगन तां करूचा."

सौदा ठरला. पोटावर झोपायचं, कोपरांवर छाती उचलायची, मगरीसारखी. थोडं थोडं चालायचं. दिवसभर अंथरुणात लोळायचं नाही. काही उचलायचं तर गुडघ्यात वाकून, कमरेत नाही, आणि जड तर उचलायचंच नाही. दुखणं पोटरीतून वर कमरेकडे सरकलं तर ते चांगलं लक्षण, घाबरायचं नाही. मध्ये एकदा मी माझ्या मनानं मातीचं घमेलं उचललं. त्याचं फळ पोटरीनं दिलं. बायकोनं त्यावर बराच वेळ माझी हजेरी घेतली.

खरी भानगड पुढे. वैदेही म्हणाली, जमिनीवर मांडी घालून वाकून काम बंद. उभं राहून करा. मी म्हटलं, जमायचं नाही. आमच्या बापाचा नियम आहे, देव खाली ठेवून त्याच्या डोक्यावर उभं राहायचं नाही. मूर्ती अर्ध्या राहिल्या तरी चालतील, नियम मोडणार नाही.

त्याच दिवशी आनंद दुकानदार आपला पाट बघायला आला. मला आडवा बघून हसला.

"आबानू, यंदा बाजारातलो तयार गणपती आणू काय?"

हे मला झोंबलं. त्याच्या घरी आमच्याशिवाय कोणाचा गणपती कधी बसलेला नाही. "आडवो बघलंस, आता उभो बघूक ये," म्हटलं मी. पण उभा कसा राहणार ते मलाही ठाऊक नव्हतं.

बायको दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अख्खो गाव देवाक वर बसयता. तुमीच एकटे खाली बसवून त्येच्या डोक्यार उभे रवतलास."

"वर खंय?"

"माझो ओटो आसा मा!"

रांधपाचा, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा! देव ओट्यावर, मी जमिनीवर. लहान मूर्तीखाली टोप पालथा घातला की तिचं तोंड माझ्या तोंडासमोर. नियम जागच्या जागी, कंबर सरळ. श्रावण होता, घरात नुस्तं, म्हणजे मासळी, शिजत नव्हतं, त्यामुळे सोवळ्याओवळ्याचाही प्रश्न नाही.

सगळे गणपती शेजाऱ्यांनी उचलून रांधपाच्या खोलीत नेले. बायको पडवीत चूल मांडायला निघाली, तर शेजारणी म्हणाल्या, कित्याक? एकीकडून मुगागाठीची उसळ, दुसरीकडून भाज्यांचं खतखतं यायचं. ती खुर्चीवर बसून मला सांगायची, "ह्या गणपतीचो डावो कान मोटो झालो." मी ऐकून घ्यायचो, कारण ओटा तिचा. मध्येच वैदेही यायची आणि मला खोलीतच मगर करायची. ओट्यावरून सगळे देव बघत असायचे. कळ आधी पोटरीतून सुटली, मग मांडीतून. डोळे काढायच्या वेळेला कमरेत थोडी आठवण उरली होती, एवढंच. आणि डोळे असे उतरले की काय सांगू. मान वाकडी न करता काढलेले माझे ते पहिले डोळे.

चवथीच्या सकाळी लोक रांधपाच्या दारातून गणपती घेऊन गेले. मी हळदकुंकू लावायचो आणि पाटाला हात लावायचो. उचलायचं काम ज्याचं त्यानं केलं. आनंद दुकानदारानं आपला गणपती बराच वेळ बघितला. मग दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन गेला. तेवढं मला पुरलं.

सगळ्यात शेवटी वैदेही आपल्या वडलांबरोबर आली. मी म्हटलं, "बाये, लाथ."

"आबानू, आता दुखता खंय?"

"दुखणा नाय. पण ठरला तां ठरला."

मी पाठ करून उभा राहिलो. तिला लाज वाटली, मोठ्या माणसाला पाय कसा लावायचा. शेवटी डोळे मिटून अंगठा लावल्यासारखा केला आणि लगेच नमस्काराला खाली वाकली, सरळ कमरेतून.

मी ओरडलो, "अगो, गुडघ्यात वाक! कमरेत नको!"

तिचे वडील इतके हसले की गणपती खाली ठेवावा लागला.

यंदा मी चित्रशाळेतच ओटा बांधून घेतला. बायकोला ते फारसं आवडलेलं नाही, तिला आयत्या जेवणाची सवय लागली होती. लोक अजून विचारतात, आबा, दुखणं व्यायामानं गेलं की लाथेनं? मी सांगतो, दोन्ही घ्या. पण व्यायाम आधी. लाथ शेवटी, कंबर बरी झाल्यावर. तेव्हा ती हमखास लागू पडते.