तानीबाईचे लाल झिंगे

निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये तानीबाईचा हात एके काळी सगळ्यात चलाख होता. खोकला वाढला तसं डॉक्टरांनी तंबाखूपासून लांब राहायला सांगितलं, आणि तिनं विड्या वळायचं सूप कायमचं बाजूला ठेवलं. रिकामपणी आई कुढत बसते हे बघून बेळगावात नर्स असलेली तिची लेक उपासना एक काचेची टाकी घेऊन आली. आत हिरवी पानं, थोडे गप्पी मासे आणि नखाएवढे लाल झिंगे.

"ह्यांचं कालवण करायचं नाही हं," उपासना हसून म्हणाली.

तानीबाईला आधी तो पोरखेळ वाटला. पण झिंगे इवल्या पायांनी पानावरचं शेवाळ वेचून खाताना दिसले आणि ती टाकीसमोरच बसू लागली. नळाचं पाणी दिवसभर बादलीत उघडं ठेवून मगच आत ओतायची. एका मादीच्या पोटाखाली अंडी दिसली, तेव्हा घरात कुणी पोटुशी असल्यासारखा तिनं लेकीला फोन केला.

मग ती लेकीकडे राहायला गेली, आणि परत येऊन बघते तर निम्मे झिंगे तळाशी उलटे पडलेले. अंड्यांची मादीसुद्धा. मासे मात्र धडधाकट. उन्हानं झालं असेल म्हणून तिनं मनाची समजूत घातली. उपासनानं नवे झिंगे आणून दिले. पुढच्या खेपेला गावाला जाऊन आली, तर पुन्हा तेच. ती घरात असताना एकही मरत नव्हता.

आणि ती नसताना किल्ली असायची बाळाबाईकडे.

बाळाबाई भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. दोघींनी उमर विड्या वळण्यात घालवली होती. तानीबाईचा नवरा गेला तेव्हा हिनंच चूल सांभाळली होती. तिच्यावर संशय घ्यायचा? तानीबाईला स्वतःचीच लाज वाटली. पण मनात आलेलं काही जाईना. टाकी आली त्या दिवशी बाळाबाई म्हणाली होती, "आमच्या नशिबात कुठली गं अशी लेक!" तेव्हा ते साधं बोलणं होतं. आता त्यातला जळफळाट ऐकू येऊ लागला.

पुढच्या वेळी निघताना तानीबाईनं टाकीच्या झाकणावर एक काळा दोरा चिकटवला. परत आली तेव्हा दोरा तुटलेला होता, आणि दोन झिंगे मेले होते.

"झाकण उघडलतंस का गं?" किल्ली घेता घेता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी? न्हाय बाई," बाळाबाई म्हणाली, आणि नजर चुकवून आत गेली.

आता तानीबाईची खात्रीच पटली. दुसऱ्या आठवड्यात बेळगावला जाते असं सांगून तिनं किल्ली दिली, पिशवी उचलून कोपऱ्यापर्यंत गेली आणि मागच्या बोळातून येऊन खिडकीशी उभी राहिली.

थोड्या वेळानं दार उघडलं. बाळाबाई सूप घेऊनच आली, टाकीसमोर बसून विड्या वळू लागली. मग सूप बाजूला सारून तिनं झाकण काढलं आणि हात पाण्यात घातला.

"या रं लेकरांनो, खावा," ती बोटांतला भाकरीचा चुरा सोडत म्हणाली. झिंगे तिच्या बोटांवर चढत होते.

तानीबाई दार ढकलून आत आली. "सापडलीस!"

बाळाबाईचा हात पाण्यातच राहिला. "उपाशी ऱ्हात्यात म्हणून दिलं गं, तानाक्का."

"मग खोटं का बोललीस?"

"तू कुणाला टाकीला हात लावू देत न्हाईस. आणि त्येंच्यापाशी बसलीस की मी हाक मारलेली बी ऐकू येत न्हाय तुला."

तानीबाईनं तिचा हात ओढून बाहेर काढला. बोटांच्या पेरांत तंबाखूची भुकटी. वास नाकात गेला आणि तिला बापाची वांगी आठवली. त्यांच्यावर माव्याची कीड पडली की बाप तंबाखू उकळून तिचं पाणी फवारायचा, किडे पटापट गळून पडायचे. तिनं दाराबाहेर जाऊन उपासनाला फोन लावला आणि बाळाबाईच्या नावानिशी सगळं सांगितलं. माशांना एवढ्यानं काही होत नसेल, पण झिंग्यांना तंबाखू किड्यांसारखीच मारते, असं लेक म्हणाली, ते तिनं आत येऊन सांगितलं.

बाळाबाई हात पदरात घेऊन बसली. "म्हंजे मीच मारलं." मग वर बघून तिनं विचारलं, "आणि झाकणावर त्यो दोरा तू लावलतास व्हय? मी जळमट समजून तोडला."

बाळाबाई सूप उचलून निघून गेली.

कित्येक दिवस दोघी बोलल्या नाहीत. पुन्हा बेळगावला जायची वेळ आली तेव्हा तानीबाई तिच्या दारात गेली. "किल्ली न्हाय घ्यायची मी," बाळाबाई आतूनच म्हणाली. "एक जरी मेला तरी तू माझ्याकडंच बघशील."

ते खोटं नव्हतं.

"मग माझ्यासंगं चल," तानीबाई म्हणाली. "दोन दिस न्हाय खाल्लं तर मरत न्हाईत ती."

एसटीत बाळाबाईला खिडकी मिळाली. हिला सोबत म्हणून आणली की नजरेखाली ठेवायला, हे तानीबाईला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. संकेश्वर मागं पडल्यावर बाळाबाईनं हळूच विचारलं, "त्या दिशी फोनवर माझं नाव सांगितलंस काय गं उपासनाला?"

"न्हाय," तानीबाई म्हणाली.

बाळाबाईनं तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, आणि तोंड खिडकीकडं फिरवलं.