संवेदनशील सर

ज्या संस्थेतून आम्ही मुलगी दत्तक घेतली, तिथे हे सर नेहमी भेटत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संस्थेची पुण्याच्या एका संस्थेशी भागीदारी झाली होती. मूल दत्तक घेणाऱ्या किंवा काही काळ सांभाळणाऱ्या घरांना आधार कसा द्यावा, हे त्यातून नाशिकच्या शिक्षिका-परिचारिकांना सर शिकवत. ‘संवेदनशीलता’ म्हणताना छातीवर हात ठेवत आणि चहा गार निघाला की शिपायावर खेकसत.

दत्तक असल्याचं लेकीला आम्ही दोघं मिळून सांगणार होतो. त्याआधीच आमचे हे वारले. आता एकटीनं कसं सांगायचं, ते विचारायला मी सरांच्या नाशिक रोडच्या शिबिराला गेले. घरी कुणी नव्हतं, म्हणून ती सोबत होती.

“सर, तिला अजून माहीत नाही हं.”

“निश्चिंत राहा ताई. आमचं रोजचंच काम आहे.”

उद्घाटनाला पाहुण्यांना गुच्छ द्यायला सरांनी तिलाच व्यासपीठावर बोलावलं. माइकवर म्हणाले, “ही आपली गोड दत्तक कन्या!”

टाळ्या थांबल्यावर तिनं मान वर करून विचारलं, “काका, दत्तक म्हणजे काय?”

“शाब्बास! जेवणानंतर आपण त्यावरच बोलणार आहोत,” सर सभागृहाला म्हणाले, आणि तिला हलकेच बाजूला सारून त्यांनी पुढच्या पाहुण्यांचं नाव पुकारलं.