दुपट्ट्याखालचा सौदा

माझा आजा गेला तेव्हा अमरावतीचा निम्मा कापूसबाजार आमच्या दारात जमला होता आणि जो तो एकच सांगत होता, म्हातारा शब्दाचा पक्का. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. ज्यांनी त्याला बुडवलं, तेच हे बोलत होते.

आजा एलिचपूरच्या छावणीत शिपाई होता. एका गढीच्या वेढ्यात उजव्या हाताची दोन बोटं गेली, तसा तो अमरावतीला आला आणि त्याने रेचे मांडले. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढायचं हातयंत्र. बाया रेचे फिरवत, आजा रुई विकी. पुढे अमेरिकेत लढाई जुंपली, मुंबईचे व्यापारी वऱ्हाडात कापूस धुंडत फिरू लागले आणि अकोल्यापासून इथपर्यंत माणसं पैशाने माजली. आमच्याकडे एवढंच झालं की दोन्ही वेळा चूल पेटू लागली.

बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दलाल हातावर दुपट्टा टाकी आणि खाली बोटं धरून सौदा होई. एकदा पुकारला की तो मोडायचा नाही. आजा डावाच हात पुढे करी. उजवा कायम झाकलेला. जेवताना तो आम्हा नातवंडांकडेही पाठ करून बसे.

त्या दिवशी गाडीत अख्ख्या हंगामाची रुई होती. मी मागे दोर सोडत होतो. ऐन सौद्याच्या वेळी बैल बुजला. आजाने डाव्या हाताने कासरा आवळला आणि घाईत उजवा पंजा उघडून दुपट्ट्याखाली घातला. उघडा पंजा म्हणजे पाच, त्या दिवसाचा चालता भाव. दलालाने बोटं चाचपली, हसला आणि ओरडला, "तीन! झाला सौदा!"

हा दलाल परका नव्हता. आमच्या ओट्यावर बसून त्याने कितीदा पान खाल्लं होतं. आजाचा हात त्याला ठाऊक होता, तिनाने रुई गेली तर रेचे विकावे लागतील हेही ठाऊक होतं. हरामखोर!

मी ओरडलो, "आबाजी, सांगा ना याईले, दोन बोटंच नाही म्हनून!"

बाजारातले शहाणे म्हणाले, "फौजी मानूस हाय. शब्द फिरवनार नाही."

आजाने मुकाट्याने गाडी रिकामी केली. होळीच्या आत रेचे गेले, बाया गेल्या आणि आजा अकोल्याला एका व्यापाऱ्याच्या फाटकावर पहारा देऊ लागला. अंग थकलं तेव्हाच तो घरी परतला. मला त्याचाही राग आला होता. एकदा विचारलंच, "काहून गप रायले तुमी?"

"शब्दबिब्द काई नाही रे," तो म्हणाला. "सांगाचं म्हनलं त भर बाजारात हात वर करून दाखवा लागला असता. भिकारी दाखवते तसा. मले नाही जमलं."

आणि आता तोच दलाल तिरडीपाशी उभा राहून शब्दाच्या गोष्टी सांगत होता. वाटलं, कापडाखालून तो हात बाहेर काढावा आणि सगळ्यांसमोर म्हणावं, मोजा! माझा हात पुढे गेलाही. पण त्याने जन्मभर झाकलं ते उघडं करणारा मी कोण? मी कापड नीट खोचलं आणि दलालाकडे वळलो.

"निंगा, शेटजी. खांदा द्याले आमी आहो."