चिरंतन मैत्रीची मुदत

चिरंतन मैत्री मरणालाही पुरून उरते, असं दोन शेजारी प्रजासत्ताकांमधल्या कराराच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे. दुसऱ्या कलमात कुंपणाची उंची दिली आहे.

रेडिओवरची बाई करार वाचते आहे आणि जेवून भिंतीला टेकलेल्या बुरुलकानच्या पापण्यांना एकेक कलम जड होत चाललं आहे. सोव्हिएत काळात हे गाव आणि समोरची टेकडी यांच्यामध्ये फक्त एक ओढा होता. आता दोन देश आहेत, देशांमध्ये मैत्री आहे, म्हणून तारा आहेत. गावाचं कब्रस्तान टेकडीवर, म्हणजे परदेशात. तिथे तिचा नवरा तोक्तोसून आहे, आणि त्याच्या शेजारी तिच्यासाठी राखलेली जागा.

तिसरं कलम सुरू होतं, तर तोक्तोसून चुलीपाशी बसलेला. ट्रॅक्टरचं ग्रीस लागलेल्या हातांनी रोटी मोडतोय.

"अहो, आलात कसे? सीमेवरचा नाका तर बंद आहे."

"मेलेल्याला कोण अडवतंय? सगळा जाच जित्यांना." तो घास गिळतो. "बुरुल, माझ्या शेजारी दुसऱ्याच कुणाला आणणार म्हणतात. परदेशी बाईला आता तिथं पुरता येत नाही."

"परदेशी कोण?"

"तू गं."

"मी? माझ्या शेळ्या त्या टेकडीवर चरल्या, माझी आई तिथं निजलीय, आणि मी परदेशी?"

"मीही तेच म्हणालो. पण मेलेल्याचं कोण ऐकतं? जिवंतपणी तूसुद्धा ऐकत नव्हतीस."

ती राख ओढायला वाकते, तर चूल नाहीच. नाक्याची खिडकी आहे. आत कडक इस्त्रीचा अधिकारी. त्याच्यामागे थडग्यांच्या मधोमध हिरवं कापड घातलेलं लांबलचक टेबल, आणि दोन्ही देशांचे साहेब चहा पिताहेत.

"प्रवासाचा हेतू?" अधिकारी विचारतो.

"राहायला चाललेय."

"किती दिवस?"

"कायमची."

तो कागद उलटेपालटे करतो. "चिरंतन मैत्रीखाली पंधरा दिवस मिळतात, आजी."

"द्या की. सोळाव्या दिवशी या आणि मला उठवून परत पाठवा. खणायचं तुम्ही, खांदाही तुम्हीच द्यायचा."

टेबलाशी बसलेले साहेब एकमेकांकडे बघतात. कुणी साखर मागतं.

बुरुलकान खिडकीतून सरळ पलीकडे उतरते. डोक्यावरचा लाल रुमाल सोडते आणि एसटीत जागा धरावी तसा नवऱ्याशेजारच्या गवतावर टाकते. वर दगड ठेवते.

"अगं, तू तर अजून जिवंत आहेस!" तोक्तोसून म्हणतो.

"म्हणूनच. मेल्यावर कोण ऐकतं, तुम्हीच म्हणालात ना? आता हा उचलून दाखवा म्हणावं त्यांना."

"आई!" सून खांदा हलवते आहे. रेडिओवर आता कापसाचे भाव चालले आहेत. "आई, डोक्यावरचा रुमाल कुठं गेला?"

बुरुलकान केसांवरून हात फिरवते. डोकं उघडं आहे.

"जागा धरून आलेय," ती म्हणते, आणि चहा मागते.

सून उशी झटकते, पलंगाखाली बघते, मग उघड्या खिडकीशी येऊन थांबते. तारांच्या पलीकडे, टेकडीवर, काहीतरी लाल दिसतंय.

त्या दुपारी वारा टेकडीच्या दिशेने होता, आणि चांगलाच जोराचा होता.