तळ्यापलीकडचं नेट

तेजराम आमच्या करडी गावचा केबलवाला. घराघरांवर टीव्हीच्या छत्र्या आल्या आणि त्याची केबल बसली. मग त्याने वायरलेस इंटरनेट आणलं. भंडाऱ्याहून आलेली तार राईस मिलपर्यंत, आणि तिथून पुढे हवेतून, डिशवरून डिशवर.

त्या धंद्याचं इंग्रजी माहितीपत्रक घेऊन तो माझ्याकडे आला होता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे गावातलं सगळं इंग्रजी माझ्या ओसरीवर येतं. "ग्रामीण भागात वायरलेस ब्रॉडबँडची बाजारपेठ झपाट्याने वाढणार आहे," मी वाचून सांगितलं.

"म्हणजे आपलं जमते, बाई."

"बाजारपेठ वाढेल असं लिहिलंय. तुझी वाढेल असं नाही."

त्याने माहितीपत्रक घडी करून खिशात घातलं.

वैशाखात त्याने तळ्यापलीकडच्या आमच्या टोलीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, लाइन आणली. तळं कोरडं होतं, त्यात बकऱ्या चरत होत्या. मिलच्या टाकीवरची डिश तळ्यावरून थेट माझ्या गच्चीकडे बघत होती आणि माझ्या गच्चीवरून सगळ्या टोलीला नेट जात होतं. शेजारच्या बेबीबाईची मुलगी मेघा घरी बसून कॉलेजचे तास बघू लागली. टोली टिकली तर पुढे शेजारच्या गावांतही जायचं, असा तेजरामचा बेत होता.

श्रावणात तळं भरलं आणि नेट बिघडलं. सकाळी ठीक, दुपारी गायब.

"काहून रे तेजराम," बेबीबाई म्हणाली, "तुझं नेट जेवून झोपते का?"

डिश जिथून घेतली त्या माणसाला फोन कर, असं मी त्याला परोपरीने सांगितलं. "अँटेना लावण्यात जिंदगी गेली माझी, बाई. त्याले काय इचारू?" टीव्हीच्या काळातला त्याचा नियम एकच, चित्र खराब आलं की अँटेना वर. त्याने लांब पाइप आणून माझ्या गच्चीवरची डिश उंच चढवली. नेट सकाळीही जाऊ लागलं. त्याने आणखी उंच चढवली. मेघाची ऑनलाइन परीक्षा अर्ध्यात बंद पडली, तेव्हा बेबीबाई थट्टा करायचीही थांबली.

त्याच सुमारास मोठ्या कंपनीची गाडी भोंगा लावून गावात फिरली. फाइव्ह-जीचा डबा, तार नको, डिश नको. टोलीतली घरं एकामागून एक तिकडे गेली. त्यांना बोल लावायला मला जागा नव्हती, पण तेजरामचा मला फार राग येई. रोज शिडी चढायचा, फोन मात्र करायचा नाही.

अश्विनात वादळी पावसाने तो पाइप आडवा केला. तेजरामने डिश तेवढ्यापुरती कठड्याच्या खालच्या गजाला बांधली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुण्याच्या माझ्या लेकीशी, गुड्डीशी, व्हिडिओवर बोलताना माझ्या ध्यानात आलं की चित्र एकदाही अडकलं नाही. मी त्याला बोलावलं. त्याने खालच्या गजावरची डिश पाहिली आणि अखेर तो फोन केला.

पलीकडच्या माणसाने दोन वाक्यांत सांगितलं. भरल्या तळ्याच्या पाण्यावर आदळून आलेली लहर सरळ येणाऱ्या लहरीत घोटाळा करते. डिश खाली असली की तळ्याची पाळ ती आदळलेली लहर अडवते. म्हणजे त्याने चढवलेला प्रत्येक फूट उलटा गेला होता. श्रावणात विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं.

तो घरोघर फिरला. बेबीबाईने त्याला चहा दिला. "आता चांगलं चालते म्हणतोस, खरं असन. पण डबा वर्षभरासाठी बांधून घेतला ना भाऊ. आन पुढच्या श्रावणाचा भरोसा कोन देईन?"

टोलीत गिऱ्हाईक म्हणून मी एकटी उरले. एका घरासाठी लाइन चालत नाही, हे मलाही कळतं.

काल दुपारी तो आला तो कंपनीचा शर्ट घालून. डबे बसवायच्या कामावर त्यांनी त्याला ठेवलं आहे.

"तुमचा डबा सोमवारी लावून देतो, बाई. खिडकीत चांगला सिग्नल येते."

"आणि शेजारच्या गावांचं?"

"तिथंही डबेच लावून राहिलो." त्याने खिशातून पाना काढला. "डिश काढू?"

आत चालू ठेवलेल्या मोबाइलवर गुड्डी अजून बोलत होती. चित्र स्वच्छ होतं.

"तिचं बोलणं होऊ दे," मी म्हटलं.

तो पाना हातात धरून गच्चीच्या पायरीवर बसून राहिला.