फक्त चालणाऱ्यांसाठी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माधवीला नाही, आणि माधवी माझी बायको आहे, तिला विचारल्याशिवाय मी साधा शर्टही घेत नाही. दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मध्येच माझ्या खांद्यावर हात ठेवून "जाऊ दे रे, एवढं काय त्यात" असं म्हणू शकत नाही. ते वाक्य मला ऐकायचं नाही.

तसं पाहिलं तर एवढं काही नाहीच त्यात. समुद्रकाठच्या कौटुंबिक सुट्टीत गोल्फ कुठे खेळायचं, ते मी ठरवलं. झालं. असल्या निर्णयाबद्दल कुणी कबुलीजबाब लिहितं का? मलाही तीन वर्षं असंच वाटत होतं. निदान मी तसं म्हणत होतो.

दर जूनमध्ये आम्ही दोघे भाऊ आपापला संसार घेऊन साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर एक घर भाड्याने घेतो, शनिवार ते शनिवार. आम्ही व्हर्जिनियातल्या हर्नडनहून गाडीने जातो. दादा, वहिनी आणि त्यांची ईशा टेक्सासातल्या डॅलसजवळच्या अर्विंगहून विमानाने येतात. कामं वाटलेली आहेत. घर माधवी शोधते. कुकर, पोहे आणि गोडा मसाला वहिनींकडे. आणि गोल्फचे कोर्स — माझ्याकडे. दोघांनी आठवड्यातून तीन सकाळी खेळायचं, उन्हं चढायच्या आत परत यायचं. दादाचं दर मार्चमध्ये एकच वाक्य असे, "तू ठरव रे नंदू, तुला कळतं त्यातलं."

मला कळतं, हे खरं आहे. त्या किनाऱ्यावर कोर्स इतके आहेत की चुकून एखादं शेत उरलं असेल तर ते पाहायला लोकांनी यावं. प्रत्येकाची वेबसाइट एखाद्या राजघराण्याच्या बखरीसारखी. अमक्याने आखला, तमक्याने पुन्हा आखला, इथल्या वाळूच्या खड्ड्यांमागे एक विचार आहे. खड्ड्यामागे विचार! दारात कारंजं, कॉलरशिवाय प्रवेश नाही, आणि क्लबहाउसच्या भिंतीवर मेलेल्या गृहस्थांच्या तसबिरी. असल्या थाटाची मी आयुष्यभर टर उडवत आलोय. आमच्या मंडळात शाल-श्रीफळाचा कार्यक्रम असला की मी मागच्या रांगेत बसून सत्कारमूर्ती मान किती वेळा नम्रपणे खाली घालतात ते मोजतो. थाट हा माझा विषय आहे, असं मी अभिमानाने म्हणत असे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दादाबद्दल. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सायकल त्याने शिकवली, विहिरीत ढकलून पोहायला त्याने शिकवलं, अमेरिकेत आलो तेव्हा रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. मी आयुष्यात त्याच्या आधी एकच गोष्ट शिकलो. गोल्फ. ऑफिसातले सगळे खेळत म्हणून मीही शिकवणी लावली, हातमोजा घेतला, मनगट कसं ठेवायचं यावर तासन्‌तास व्हिडिओ पाहिले. मग एका सुट्टीत मी दादाच्या हातात काठी दिली आणि ती कशी धरायची ते दाखवलं. तो ऐकून घेत होता. मान डोलावत होता. मला फार बरं वाटलं, ते अजून आठवतं.

त्याने माझं काहीही ऐकलं नाही. तो सांगलीच्या गल्लीत लेट कट मारायचा तसाच चेंडू मारतो. डोक्यावर कुठल्याशा बँकेने फुकट दिलेली टोपी, कमरेला फोनचं पाकीट, आणि पिशवीत भाजक्या पोह्यांचा चिवडा, जो तो तिसऱ्या होलनंतर काढतो आणि आमच्याबरोबर खेळणाऱ्या अनोळखी अमेरिकनांपुढे धरतो. "टेक, टेक. होममेड." रस्त्यावरची प्रत्येक पाटी तो मोठ्याने वाचतो, कोर्सवरचीसुद्धा. तळ्याकाठी मगरीची सूचना असेल तर ती मगरीलाही ऐकू जाईल अशी.

तुम्हाला वाटेल, आता हा सांगणार की मला भावाची लाज वाटायची. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत होतो. चारचौघांत मोठ्या भावाची लाज वाटणं — याला निदान दर्जा आहे. परदेशात राहणाऱ्या माणसाला तो दोष शोभून दिसतो. पण खरं सांगू? चिवडा मला आवडतो. अमेरिकनांनाही आवडायचा, एकाने तर वहिनींची रेसिपी मागून घेतली. लाज नव्हती ती.

तो हळू खेळायचा म्हणून? तेही नाही. माझ्यापेक्षा झपाझप खेळायचा.

दादा जिंकायचा.

एवढंच आहे ते. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं, आणि त्याचे माझ्यापेक्षा कमी असायचे. दोनने, तीनने. एकदा अकराने. तो त्याचं काही करायचा नाही, चिडवायचा नाही, जेवताना सगळ्यांना सांगायचाही नाही. शेवटच्या होलवर चेंडू खळ्ळकन पडला की "झालं का?" म्हणून माझ्याकडे बघायचा, जसं काही आम्ही दोघांनी मिळून एक काम उरकलंय. ते "झालं का" मला वर्षभर पुरायचं. पंचावन्न वर्षांचा माणूस, पोरं कॉलेजला गेलेली, आणि मी हर्नडनच्या घरात आरशासमोर मनगट तपासत असे.

तीन वर्षांपूर्वी दादाच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवा गुडघा बसवला. मार्चमध्ये त्याचा फोन आला. आवाज एकदम मजेत. डॉक्टर म्हणालेत, खेळायला हरकत नाही, फक्त अठरा होल चालायचं नाही. "कार्ट मिळेल ना रे? ती बॅटरीवरची गाडी. मला काय, बसवून न्या, उतरून मारतो आणि परत बसतो. नवऱ्यामुलासारखा."

आता त्या किनाऱ्यावर कार्ट न मिळणारा कोर्स शोधणं म्हणजे लग्नात न जेवणारा पाहुणा शोधण्यासारखं आहे. सगळीकडे कार्ट असते. बऱ्याच ठिकाणी घ्यावीच लागते. मी मुद्दाम शोधला. दोन संध्याकाळी लागल्या. घरापासून तासाभरावर एक जुना, गर्विष्ठ कोर्स सापडला — फक्त चालणाऱ्यांसाठी. वेबसाइटवर लिहिलं होतं की या खेळाची मूळ शान पायी चालण्यात आहे. शान. ज्या शब्दावर मी एरवी तासभर बोललो असतो, त्याला मी त्या संध्याकाळी मुकाट्याने शरण गेलो आणि तिन्ही सकाळच्या वेळा घेतल्या.

दादाला फोन करून सांगितलं की यंदा जवळचे सगळे भरलेत. मिळाला तो हा एकच, आणि तिथे कार्ट नाही.

तो म्हणाला, "मग तू जा रे. तुझा खेळ कशाला बुडवायचा? मी पोरांबरोबर समुद्रावर बसतो."

इथे आणखी एक गोष्ट आहे. त्याच वेबसाइटवर खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. डॉक्टरांचं पत्र आणणाऱ्याला कार्ट दिली जाईल. मी ती वाचली होती. दोनदा.

दादा तरीही गोल्फची बॅग घेऊन आला. टेक्सासहून, विमानात टाकून. "कुठे जागा मिळालीच आयत्या वेळी तर," म्हणाला. वहिनी वैतागल्या होत्या. "अहो, लोणच्याची बरणी राहिली माझी तुमच्या या काठ्यांपायी." त्या आठवडाभर ती बॅग घराच्या बोळात उभी होती. सोमवारपासून पोरं तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागली.

आणि घर? घर माधवीने शोधलेलं. तिला बिचारीला काय कल्पना. शनिवारी विमानतळावरून सगळ्यांना घेऊन आम्ही त्या गल्लीत वळलो, तर एका बाजूला आमचं घर आणि रस्त्यापलीकडे, थेट समोर, गोल्फ कोर्स. दादा माझ्या शेजारी पुढच्या सीटवर होता, आणि सवयीने पाट्या वाचत होता. ताजी कोळंबी. सायकली भाड्याने. सर्वांसाठी खुला, वेळ आजही उपलब्ध. ही तिसरी पाटी त्या कोर्सची होती. त्याने ती वाचली, मोठ्याने, शेवटच्या शब्दापर्यंत. मग चौथी वाचली नाही.

मी सांगितलं असतं तर? अजून वेळ होता. "अरे, इथे बघू की" एवढं म्हटलं असतं तर माझं खोटंही झाकलं गेलं असतं आणि त्याचा खेळही झाला असता. मी रिव्हर्स घेऊन गाडी नीट लावली. फार नीट लावली.

सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी मी पहाटे उठायचो. दादा आधीच उठलेला असे. चहा केलेला, चिवड्याची पुडी बांधलेली. "तिसऱ्यानंतर काढ, आधी नको, हात तेलकट होतात." मी तासभर गाडी चालवून त्या शानदार कोर्सवर जायचो आणि एकटा चालायचो. तो बाल्कनीत बसायचा, पाय स्टुलावर ठेवून. समोर दिवसभर पांढऱ्या कार्ट इकडून तिकडे जायच्या.

गुरुवारी दुपारी परत आलो तेव्हा सगळे बाल्कनीतच होते. दादाने नेहमीसारखी एकेका होलची चौकशी सुरू केली. पहिल्याला काय केलंस? पाचव्याला काय केलंस? या खेळात पंच नसतो, आपले फटके आपणच मोजायचे असतात, आणि त्याच विश्वासावर हा सगळा डोलारा उभा आहे म्हणे. पाचव्याला चार, मी म्हणालो. एकूण ब्याऐंशी. दादाने मांडीवर थाप मारली. "ऐकलंत का? ब्याऐंशी. मला नाही जमलं कधी." त्याने ते आत जाऊन वहिनींना सांगितलं, मग फोन करून अर्विंगच्या कुणाला तरी सांगितलं.

तो परत येऊन बसला, तेव्हा ईशाने समोर बोट दाखवलं. ती डॅलसची, तिचं सगळं सरळ असतं. "काका, देअर्स अ कोर्स राइट देअर. दे हॅव कार्ट्स. व्हाय डोन्ट यू गाइज जस्ट गो?"

माधवी माझ्याकडे बघत होती, सहज, उत्तराची वाट बघावी तशी.

दादा म्हणाला, "अगं, ते मेंबर लोकांचं असतं. आपल्याला कोण घेतंय आत?" मग चहाच्या कपात बघत, "हो ना रे, नंदू?"

ज्याने शनिवारी ती पाटी मोठ्याने वाचली होती, त्याने. माझ्यासाठी.

मी म्हणालो, "हो."

तीन वर्षं मी ज्या शब्दाभोवती फिरतोय तो हा. फोनवरचं खोटं निदान कष्टाचं होतं, त्याला दोन संध्याकाळी लागल्या. हे "हो" मला आयतं मिळालं, भावाच्या हातून, आणि मी ते चहाबरोबर घेतलं.

पुढच्या जूनमध्ये दादा आला तो एक छोटी बॅग घेऊन. गोल्फच्या काठ्या त्याने सोसायटीतल्या एका मराठी विद्यार्थ्याला देऊन टाकल्या होत्या. मी विचारलं नाही. कांदा चिरता चिरता वहिनींनीच सांगितलं, माझ्याकडे न बघता. "वर्षभर शनिवारी सकाळी जायचे हो एकटे. या आठवड्यासाठी तयारी म्हणून. आता म्हणतात, तयारी कशाची करू?"

मी कांद्याची पात धुवायला घेतली.

यंदाही मार्चमध्ये ग्रुपवर माधवीने घराचा फोटो टाकला. दादाने खाली पसंतीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. गोल्फचं कुणी काढलं नाही. मी जाईन, एखाद्या सकाळी. जवळच कुठेतरी. चहा तो करेल, पुडीही बांधेल.

थाटाची टर उडवणाऱ्या माणसाने भावाला लांब ठेवायला एक अख्खी शान भाड्याने घेतली, हे मला कळतं. त्यातलं सगळं कळतं मला. म्हणून सांगायचं ते नीट सांगतो. ब्याऐंशी नव्हते, एकशे चार होते. पाचव्याला चार नव्हे, नऊ. दोन चेंडू पाण्यात गेले. समोरचा कोर्स सर्वांसाठी खुला होता. आणि नवा गुडघा घेऊन, कार्टमधून उतरून, लेट कट मारून दादाने मला तिथे हरवलं असतं.