न मागितलेली अनुज्ञा

जिच्या कृपेने मुक्याच्याही ओठांवर अक्षर उमटते, त्या वाग्देवतेस वंदन करून आज गुरुपौर्णिमेच्या दिवशी हे लिहीत आहे. सकाळी जुने विद्यार्थी पायांवर फुले वाहून गेले. ती उचलताना मला माझ्या वाणीची लाज वाटली. तिचे कारण सांगतो.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात, सदरमधील एका शाळेत संस्कृत शिकवीत होतो. तेथील गणिताचे शिक्षक बौद्ध होते. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. शाळा सुटली की ते माझ्या घरी संस्कृत वाचायला येत. तसा सहाध्यायी मला पुन्हा लाभला नाही. आज त्यांच्याविषयी आदरार्थी लिहितो आहे. तेव्हा मात्र ‘अरे, आज उशीर केलास,’ असेच म्हणत असे. त्यांच्याहून लहान असलेल्या चित्रकलेच्या शिक्षकांना मी अहो-जाहो करी. यातले काही मला कधी खटकले नाही.

एका हिवाळ्यात त्यांनी कोरियाहून आलेल्या एका भिक्षूंना संस्कृत शिकण्यासाठी माझ्याकडे आणले. भिक्षू पुस्तक दोन्ही हातांनी घेत आणि मोडके मराठी बोलत. त्यांच्या भाषेत क्रियापदाच्या शेवटावरूनच समोरच्याचा मान कळतो, असे त्यांनी सांगितले. प्रौढ माणसाशी वडीलधाराही आदरानेच बोलतो. धाकट्याने आपण होऊन ‘माझ्याशी खालच्या शब्दांत बोलावे’ अशी विनंती केली, तरच तो एकेरीवर येतो. मी या रीतीचे भरभरून कौतुक केले. तेव्हा भिक्षूंनी निर्मळ मनाने गणिताच्या शिक्षकांना विचारले, “आपण गुरुजींना ही विनंती कधी केली?”

ते ग्रंथाचे दुमडलेले पान सरळ करीत म्हणाले, “मले कोनी विचारलंच नाही, भंतेजी.”

भिक्षूंनी मान खाली घातली. मी पुढचा श्लोक वाचायला घेतला.

दुसऱ्या दिवशी केवळ ‘या, बसा’ एवढे म्हणायचे होते. संस्कृतातल्या आदरार्थी ‘भवान्’चा प्रयोग कित्येक पिढ्यांकडून घोटून घेणारा मी, पण जीभ वळेना. ‘चहा चालेल ना?’, ‘पुस्तक सापडले का?’ अशी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ या दोन्हींतून निसटणारी वाक्ये मी जुळवू लागलो. त्यांना सारे कळत होते. आठवडाभर त्यांनी वाट पाहिली असावी. मग येणे थांबले. पुढे त्यांनी दुसरी शाळा धरली.

कित्येक वर्षांनी गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात ते समोर आले. केस पांढरे झाले होते; क्षणभर मी ओळखलेही नाही. तोंडून निघाले, “तुम्ही कसे आहात?”

ते हसले. “बरा आहे, सर. पण आता काहून? एवढा परका झालो का मी?”

खरे तेच होते. अनोळखी गृहस्थाला द्यावा तो मान मी त्यांना दिला होता. त्यांनी माझी पिशवी उचलून रिक्षात ठेवली, हात जोडले आणि गर्दीत निघून गेले. त्यानंतर भेट नाही.

वाचकहो, आपल्या उंबरठ्याशी येणाऱ्या प्रत्येकाला ‘या, बसा’ हे शब्द वेळेवर ऐकू येवोत. आपल्या लेकराबाळांना ते माझ्यासारखे उशिरा न सुचोत. जगदंबा आपल्या घरादाराला सुखात ठेवो.